उरलेले एकशे नव्वद ग्रॅम

उत्कर्षाने प्लास्टिकची पिशवी ट्यूबलाइटकडे धरली, दोनदा हलवली आणि काउंटरवर ठेवली.

"तांदूळ आहेत," ती म्हणाली.

"अक्षता आहेत," विमलाबाई म्हणाल्या.

"मला कळतंय हो, काकू. ह्याला कळत नाही." तिने कॉम्प्युटरकडे बोट केलं. "ह्यात प्रकार निवडावा लागतो. खाद्यपदार्थ, बियाणं, कपडे, खेळणी, कागदपत्रं. खायचे आहेत?"

"नाही. कुंकू लावलंय त्यांना."

"पेरायचे?"

"नाही."

"मग तिथे पोहोचल्यावर ह्यांचं काय करणार, असं विचारतोय तो."

"अंगावर टाकणार."

"कुणाच्या?"

"मुलीच्या," विमलाबाई म्हणाल्या, आणि जरा आवाज उतरवून पुढे म्हणाल्या, "आणि जावयाच्या."

दाराजवळच्या खुर्चीत बसलेले बद्रीनाथ शेवटच्या शब्दाला खाकरले. खोकला नव्हता.

कोथरूडमधल्या त्या एअर कुरिअरच्या दुकानात उत्कर्षाने बरंच काही पाहिलं होतं. लोणचं औषध म्हणून जाऊ पाहायचं, पापड कागद म्हणून. पण ज्याचा उपयोग फक्त माणसांवर फेकण्यापुरता आहे अशा वस्तूला कॉम्प्युटरपाशी रकाना नव्हता. अक्षता तिने स्वतःही पुष्कळ लग्नांत टाकल्या होत्या, बहुतेक पुढच्या माणसाच्या मानेवर. हे नक्की कशासाठी करतात हा प्रश्न तिला आज पहिल्यांदाच पडला.

"सजावटीचं साहित्य म्हणून टाकते," ती म्हणाली. "चालेल ना?"

"लग्नाला चालेल. पार्सलला चालेल का ते बघ."

पार्सल आज निघालं तरच लग्नाआधी युट्रेक्टला पोहोचणार होतं. पूर्वाने गणपतीत फोन करून सांगितलं होतं की ती आणि रुटगर तिथल्या नगरपालिकेत लग्न करताहेत, तुम्ही दोघं या. बद्रीनाथांचं म्हणणं एवढंच होतं की तिने कळवलं, विचारलं नाही. त्या दिवसापासून ते लेकीशी बोलले नव्हते आणि व्हिसाच्या कागदांवर त्यांनी सही केली नव्हती. विमलाबाईंनी एकटीने जायचं मनावर घेतलं तोवर व्हिसाच्या तारखा संपल्या होत्या. तेव्हा त्यांच्याऐवजी अक्षता निघाल्या होत्या.

"काकू, ओटीपी येईल तुमच्या मोबाइलवर."

"माझ्या नाही. ह्यांच्या."

घरातलं सगळंच बद्रीनाथांच्या नंबराला जोडलेलं होतं. गॅस, वीज, बँक, बायकोचं आधार. त्यांना कळू न देता सिलिंडर मागवता येत नव्हता, तिथे अक्षता कुठल्या जायला. म्हणून तर विमलाबाई त्यांना सोबत घेऊन आल्या होत्या, आणि म्हणूनच ते आले होते.

"मी फक्त ओटीपी द्यायला आलोय," बद्रीनाथ उठून काउंटरपाशी येत म्हणाले. "ह्याचा अर्थ संमती असा कोणी लावू नये."

"कोणी लावला?" विमलाबाई म्हणाल्या.

"आधी सांगून ठेवलेलं बरं." मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मेसेज वाचला. "इथे लिहिलंय, हा क्रमांक कोणालाही सांगू नका."

"मला सांगा, काका."

"कोणालाही म्हणजे त्यात तुम्हीही येता."

"अहो," विमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी आकडे सांगितले. एकेक, सावकाश, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

उत्कर्षाने अक्षतांची पिशवी खोक्यात ठेवली आणि खोकं काट्यावर. "तीनशे दहा ग्रॅम. अर्ध्या किलोचा दर लागेल."

"तीनशे दहाला?"

"अर्ध्या किलोच्या आत काहीही असलं तरी तोच दर, काका. नुसतं खोकं पाठवलं तरी तोच."

"म्हणजे एकशे नव्वद ग्रॅमचं भाडं आपण भरायचं आणि जागा रिकामी जाणार."

"हो."

"नेदरलँड्सपर्यंत."

"हो, काका."

बद्रीनाथांची नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात, स्टोअरला गेली होती. अर्धं भरलेलं खोकं फळीवर चढताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर ते पाहावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनी खोक्यात डोकावलं. अक्षतांची पिशवी एका कोपऱ्यात बसली होती. बाकी सगळं विमान मोकळं.

"ह्यात काहीतरी घाल," ते बायकोला म्हणाले.

"काय घालू?"

"काहीही. भरती म्हणून."

विमलाबाईंनी पर्स काउंटरवर उपडी केली. छत्री, गोळ्यांची पट्टी, रुमाल, कढीपत्ता. कढीपत्ता मंडईतून येताना घेतला होता. उत्कर्षाने तो बोटाने बाजूला सरकवला. "झाडपाला नाही, काकू."

"मेतकूट आणते घरून."

"पावडर असेल तर विचारतात कसली आहे ते. आपण सांगितलेलं त्यांना पटत नाही."

रांगेत मागे एक गृहस्थ बराच वेळ एक लहानसं पाकीट छातीशी धरून उभे होते. आता ते पुढे झाले.

"तुमचं कन्यादान चालू द्या," ते म्हणाले, "पण मी मध्ये एक बोलू का? माझी बहीण बेल्जियमला असते. हे तिचं पाकीट. दीडशे ग्रॅमच्या वर नाही. तुमची जागा रिकामी आहे म्हणता, तर ह्यातच टाकू. तुमची मुलगी नेऊन देईल तिला. शेजारचाच देश आहे."

उत्कर्षा म्हणाली, "असं नाही करता येत, सर."

"तुम्ही थांबा," बद्रीनाथ तिला म्हणाले. प्रस्ताव त्यांना विचार करण्याजोगा वाटला होता. "किती लांब पडेल?"

"आगगाडीने जातात म्हणे. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी."

"आणि अर्धं भाडं तुम्ही भराल."

"अर्धं कसं? ग्रॅमच्या हिशेबाने."

"अहो, आठ दिवसांवर लग्न आहे तिचं," विमलाबाई म्हणाल्या. "ती पाकिटं वाटत फिरेल का?"

बद्रीनाथांनी त्या पाकिटाकडे पाहिलं. मग गृहस्थांकडे पाहिलं.

"नाही जमणार," ते म्हणाले. "लग्नघरात कुठे परक्याची कामं सांगायची."

विमलाबाईंनी गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकता टाकता मान वर केली. बद्रीनाथ तोवर चप्पल पायात सरकवून दाराशी पोहोचले होते.

"कुठे निघालात?"

"खोकं बंद करू नका," ते उत्कर्षाला म्हणाले आणि बाहेर पडले.

गृहस्थांनी संधी साधून आपलं पाकीट काउंटरवर ठेवलं. त्याचं वजन, नाव, पत्ता सगळं होईपर्यंत बद्रीनाथ परतले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी होती. त्यांनी ती थेट काट्यावर ठेवली. एकशे साठ.

"बसतं," ते म्हणाले.

"काय आहे?" विमलाबाईंनी विचारलं.

"कापड आहे. हलकं आणि पसरट. पिशवी हलायची थांबेल."

विमलाबाईंनी वर्तमानपत्र उलगडलं. आत अंतरपाट होता. नवरानवरीच्या मध्ये धरतात तो, नवा, किनारीचा, मधोमध भलंमोठं लाल स्वस्तिक छापलेला.

विमलाबाईंनी स्वस्तिकावरून हात फिरवला.

"नगरपालिकेत अंतरपाट धरू देतील?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी भरतीसाठी आणला. धरायचा की पुसायला घ्यायचा ते त्यांनी ठरवावं."

"काका," उत्कर्षा म्हणाली. तिला पुढचं कसं सांगावं ते कळत नव्हतं. "हे चिन्ह नाही पाठवता येणार."

"स्वस्तिक?"

"तिकडे ते... वेगळंच समजतात. मागे एका काकूंचं तोरण परत आलं."

"शुभचिन्ह आहे ते."

"इथे आहे."

"तुमच्या जावयाच्या आईने बघितलं तर तिला चक्कर येईल," पाकीटवाले गृहस्थ म्हणाले. त्यांचं काम झालं होतं, तरी ते गेले नव्हते. "नवरानवरी एकमेकांना दिसण्याच्या आधी पोलीस दिसतील."

बद्रीनाथ कापडाकडे बघत राहिले. हे लग्न होऊ नये असं त्यांना इतके महिने वाटत होतं. ते मोडायची इतकी सोपी सोय हाताशी आली असताना त्यांनी अंतरपाटाची घडी घातली, कागदात गुंडाळली आणि म्हणाले, "बदलून आणतो."

"राहू द्या," विमलाबाई म्हणाल्या. "आज पार्सल गेलं पाहिजे."

"गाडी किती वाजता येते?" बद्रीनाथांनी उत्कर्षाला विचारलं.

"येईलच आता, काका."

"त्यांना चहा पाजा."

ह्या वेळी ते गेले तेव्हा विमलाबाई दारापर्यंत आल्या. रस्त्यापलीकडे पूजासाहित्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून बद्रीनाथ हातवारे करत होते. आधी दोन्ही हात आडवे पसरले. मग दुकानदाराने काहीतरी विचारलं, तसे ते हात खाली सोडून नुसतेच उभे राहिले. दुकानदाराने पुन्हा विचारलं. बद्रीनाथ पायरी उतरले आणि दोन रिक्षांच्या मधून परत आले. घडी तिथेच ठेवून, रिकाम्या हातांनी.

"नाही का साधा?" विमलाबाईंनी विचारलं.

"आहे. साधं कापड ताग्यातून कापून देतो म्हणाला." ते काउंटरला टेकले. "माप विचारतो."

"मग सांगायचं."

"कसलं माप सांगू? म्हणाला, नवरदेव किती उंच आहेत? कापड वर धरल्यावर डोकं दिसता कामा नये. आखूड कापल्यावर पुन्हा बदलून मिळणार नाही." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "किती उंच आहे तो?"

विमलाबाईंनी विचार केला. "मी बसलेलाच पाहिलाय."

"इतक्या वेळा बोललीस की व्हिडिओवर."

"तेव्हा तो बसलेलाच असतो. एकदा चहा आणायला उठला होता, पण मग नुसता शर्ट दिसला."

"शर्ट केवढा होता?"

"निळा होता."

"तिकडची माणसं भयंकर उंच असतात," गृहस्थ म्हणाले. "माझ्या बहिणीच्या घरी आरसा लावलाय त्यात मला फक्त छत दिसतं."

बाहेर कुरिअरची गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरने आत न येता हॉर्न दिला. उत्कर्षाने हात वर करून त्याला थांबवलं आणि खोक्याची झाकणं उघडीच ठेवली.

विमलाबाईंनी आपला मोबाइल काढून पूर्वाचं नाव शोधलं आणि नवऱ्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. आपलाच काढला, चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि नंबर लावला. तो पाठ होता.

पलीकडे रिंग वाजत राहिली. मग थांबली.

"पूर्वा," ते म्हणाले. "बाबा बोलतोय."

बद्रीनाथांनी मोबाइल कानाला घट्ट दाबला.

"नाही, आईला काही नाही झालं. इथेच उभी आहे. मी ठीक आहे. रडू नकोस, मला ऐकू येत नाही मग. हे बघ, एक विचारायचं होतं." ते भिंतीकडे वळले. "तो उभा राहिला की केवढा होतो?"

ते ऐकत राहिले. मग मोकळा हात उचलून त्यांनी तळवा आडवा धरला, आधी आपल्या कपाळापाशी. तिथून तो डोक्याच्या वर गेला. थोडा थांबला, आणखी वर गेला. ड्रायव्हर हॉर्न सोडून दुकानाच्या दारात आला होता आणि काय चाललंय ते न कळून तोही वर बघत होता. बद्रीनाथ चवड्यांवर उभे राहिले.

"अजून?" त्यांनी विचारलं.