वार्सिनो कोण?

इंडोनेशियातल्या मालांगला बु (म्हणजे बाई) वार्सिनी भाताचे डबे पुरवायच्या. सेकार नावाच्या मुलीने त्यांना वेबसाइट करून दिली होती. गिऱ्हाइकाने ऑर्डर नोंदवली की सर्व्हरवरचा कोड आपणहून त्याला पोच देणारी मेल धाडायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक बाई डबे न्यायला आल्या आणि सांबलची तिखट चटणी वेगळी बांधली नाही म्हणून फुरंगटल्या. मेलवर तसं कबूल झालं होतं म्हणे. कबूल कोणी केलं, तर वार्सिनोंनी.

त्या स्वयंपाकघरात वार्सिनो नावाचं कोणीच नव्हतं.

पाठोपाठ एक कारकून आला. त्याला टेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या, जास्तीच्या वड्या कबूल झाल्या होत्या. वर तो म्हणाला, "तुमचे यजमान फार अदबीने लिहितात हो." बु वार्सिनींचे यजमान वारून बरीच वर्षं झाली होती.

बुंनी सेकारला बोलावून घेतलं. "तुझ्या त्या यंत्रात कोणाला बसवलंयस गं?"

"कोणालाच नाही, बु."

सेकार पार चक्रावली. सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक मेल नीट गेलेली दिसत होती. कोणी पासवर्ड चोरला म्हणावं, तर चोर लोकांना जास्तीचं टेंपे कशाला कबूल करेल? तिने कोड पुन्हा पुन्हा वाचला, हाती काही लागेना. शेवटी तिने स्वतःच एक डबा मागवला आणि आलेल्या मेलला उत्तर लिहिलं, मिरची कमी घाला. थोड्या वेळाने जवाब आला: जरूर, आपला वार्सिनो.

आता कुठे तिने उत्तर जातं तो पत्ता अक्षर अक्षर लावून पाहिला. कोडमध्ये बुंचा मेलचा पत्ता लिहिताना त्यांच्या नावातल्या शेवटच्या 'आय'च्या जागी तिने 'ओ' टाइप केला होता.

तिने तो दुरुस्त केला आणि त्या गृहस्थांना माफीची मेल लिहून आपला नंबर कळवला. सालातिगा गावाहून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पोरी. पण लोक इतक्या गोडीने विचारायचे, नाही कसं म्हणू? आणि कोणाची चूक उघडी पाडायची, तेही बरं दिसत नाही."

यांच्यावर चिडावं की यांचे आभार मानावेत, सेकारला कळेना. तिने फोन बुंच्या हातात दिला.

बुंनी कागद-पेन पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "पाक वार्सिनो, आणखी कोणाला काय कबूल केलंय, तेवढं सांगून टाका."

आणि त्या लिहून घेऊ लागल्या.