दारापर्यंत

"कुणाला सांगणार नाही ना?" लीने विचारले.

विल्फ्रेड हार्डकासल कप विसळत होते. यॉर्कशायरमधल्या त्या लहानशा रग्बी क्लबचे ते पाद्री. पूर्वी असा पाद्री एखाद्याच क्लबात दिसे. आता बहुतेकांना हवा असतो. काम एवढेच : चहा करायचा, ऐकायचे आणि ऐकलेले पोटात ठेवायचे. खेळातले त्यांना फारसे कळत नसे. कोण जिंकले, हेसुद्धा घरी बायकोला धड सांगता येत नसे.

"आजवर कुणाचं सांगितलंय?"

मग ली शटलवर्थने सांगितले. गेल्या शनिवारी सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. घरी जाताना वाटच आठवेना. कुठल्याशा गल्लीत तो गाडीतच बसून राहिला. बायको शोधत आली. डॉक्टरांच्या स्मरणचाचणीत मात्र तो पास झाला होता. कारण हंगामाच्या सुरुवातीला, डोके शाबूत असताना घेतलेल्या चाचणीत त्याने मुद्दाम उत्तरे चुकवली होती. पुढे मार बसला, तरी दोन चाचण्यांत फरक दिसू नये म्हणून. अर्धा संघ हेच करी. आणि लीचा नवा करार पुढच्याच महिन्यात व्हायचा होता.

विल्फ्रेडनी कप पालथा घातला. बोलले, तर यापुढे कुणी त्यांच्यापाशी मन मोकळे करणार नव्हते. गप्प बसले, तर ली शनिवारी पुन्हा मैदानात उतरणार होता.

"मी नाही सांगणार," ते म्हणाले. "पण डॉक्टरांच्या दारापर्यंत येतो. दार तू वाजव."

"पाद्रीबुवा, खेळ सोडून मला येतंय काय?"

"चहा शिकवीन. आत्ता करतोस तो मोरीत ओतायच्या लायकीचा असतो."

ली हसला नाही. पण उठला. डॉक्टरांच्या दारापाशी तो बराच वेळ उभा राहिला. विल्फ्रेड भिंतीवरची जुन्या संघांची छायाचित्रे पाहत राहिले. शेवटी दार वाजले.

शनिवारी लीची जर्सी दुसऱ्याच्या अंगावर होती. करार होणार नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळले होते. प्रशिक्षकांशेजारची नेहमीची जागा सोडून विल्फ्रेड वर, प्रेक्षकांत, लीजवळ जाऊन बसले. उजेड सोसत नाही म्हणून लीने टोपी डोळ्यांवर ओढली होती.

"किती झाले, पाद्रीबुवा?"

"बारा-सहा. आपण पुढे."

थोड्या वेळाने लीने पुन्हा तेच विचारले. मध्ये काहीच घडले नव्हते. विल्फ्रेडनी गुणफलकाकडे नीट पाहून घेतले.

"बारा-सहा," पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे ते म्हणाले. "आपण पुढे."