जाळ्याखालची मरळ

नागपूरच्या एका प्रकाशनाने नीतू लंजेला मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं मागितली, तेव्हा घरात आनंदाच्या आधी संशय शिरला.

सडक अर्जुनीजवळच्या आपल्या गावात नीतूने आजवर अंगणवाडीच्या भिंती आणि शाळेचे तक्ते रंगवले होते. त्यांचे फोटो फिरत फिरत नागपूरच्या संपादकबाईंपर्यंत गेले. बाईंना गावतलावाची चित्रं हवी होती, पण कॉम्प्युटरवर काढलेली आणि लेअरमध्ये. म्हणजे पाणी एका थरात, मासे दुसऱ्यात, माणसं तिसऱ्यात. नंतर एखादा रंग बदलायचा तर बाकी चित्राला धक्का लागू नये. मेलच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, चित्र कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काढणार आणि ते परवान्याचं आहे का?

"हे कायले विचारून राहिली ते?" नवऱ्याने, शुभमने, मान हलवली. हायवेवर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. "उद्या काही लफडं झालं का तुझ्यावर ढकलाले. चित्रं घेतीन आन वळखबी देनार नाही, पाहाजो."

नीतू गोंदियाला गेली. तिथे खुमेंद्र रहांगडाले कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्याने तिचा कॉम्प्युटर ठेवून घेतला आणि परत देताना हसत म्हणाला, "ताई, टेंशन मत लो. सबसे बडावालं टाकून देलो. मोठमोठे आर्टिस्ट हेच वापरतेत."

"याचा परवाना?"

"अरे, गोंदियात कोन पाहाले येते?"

घरी मशीन सुरू केलं की कोपऱ्यात परवाना नसल्याचा इशारा यायचा, मशीन अडकायचं. नीतूला प्रत्येक क्लिकला वाटायचं, आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय. बाईंना खोटं लिहायची तिची तयारी नव्हती. तिने ते काढून टाकलं आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर शोधू लागली.

पहिलं फोटो सुधारायला बरं होतं, पण त्याचा ब्रश तिच्या हाताला जमेना. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. दुसऱ्यात रेघा काचेसारख्या स्वच्छ यायच्या, पाण्याचा ओलेपणा येईना. मग तिने क्रिटा नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. चित्रं काढायच्या टॅबलेटवर पेन दाबलं तशी रेघ जाड झाली, हलकं केलं तशी विरली. लेअर होते, रंग एकमेकांत मिसळत होते. ती खुर्चीतून उठेना.

सासूबाई, मनकर्णाबाई, मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे फुकट?"

"हो, आई."

"कायले फुकट देतीन? ओळख ना पाळख. आतून पाहत असतीन कोनी, तू काय काढतं ते."

नीतू हसली, पण ते बोलणं डोक्यात राहिलं. तेव्हापासून ती इंटरनेटचा डोंगल उपसून ठेवायची आणि मगच चित्र काढायची. नेटशिवाय क्रिटा तसंच चालत होतं. तिला जरा बरं वाटलं.

चित्र तयार झालं. तलावात बाई जाळं ओढते आहे आणि जाळ्यात एक मोठी मरळ उसळते आहे. जाळं तिने वेगळ्या लेअरवर काढलं होतं. संपादकबाईंना, आणि रंग कसे दिसतात ते बघायला खुमेंद्रलाही, तिने सगळे थर एकत्र केलेलं साधं चित्र पाठवलं. मूळ फाइल घरीच राहिली.

पुढच्या आठवड्यात ती एसटीने साकोलीला निघाली होती. हायवेवरच्या एका ढाब्यापाशी बस थांबली आणि खिडकीतून तिला आपली मरळ दिसली. भल्यामोठ्या फ्लेक्सवर, खाली लाल अक्षरांत 'गरमागरम मच्छी-भात'.

ती तिथेच उतरली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने खुमेंद्रला फोन लावला.

"भाऊ, माझं चित्र कोनाले देलं?"

"कोनतं चित्र? ताई, मी कोनालेच नाही देलो."

"मशीन तुमच्यापाशी होती. चित्र तुमच्यापाशी होतं. मले भोळी समजता काय?" तिचा आवाज इतका चढला की पंक्चरवाला वळून पाहू लागला. खुमेंद्र काहीतरी सांगत होता, तिने फोन कापला. मग बाईंचा संशय आला. मग क्रिटाचाही. सासूबाई म्हणाल्या होत्या तेच खरं की काय?

ती फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली. मरळीच्या पाठीवरचे खवले मोजता येतील इतके स्पष्ट होते. तेव्हा तिच्या लक्षात आलं, फ्लेक्सवर जाळं नव्हतंच.

खुमेंद्रकडच्या चित्रात जाळं मरळीवरून गेलेलं होतं. बाईंकडच्याही. दोऱ्याखालचे खवले त्यांना दिसणं शक्य नव्हतं. जाळं बाजूला करून मरळ बाहेर काढायची तर घरची मूळ फाइल उघडायला हवी होती. आणि लेअर कसे लपवायचे, ते तिने मोठ्या कौतुकाने एकालाच दाखवलं होतं.

ती घरी परतली. शुभम जेवायला आला होता.

"टिकेशच्या ढाब्यावर मरळ कोनी देली?"

टिकेश शुभमचा मित्र. शुभमचा घास हातातच राहिला. "तो मांगत होता. मी म्हटलं, लोकं पाहातीन तरी. नागपूरवाले तसेही घेऊनच टाकनार होते."

"मले काऊन नाही विचारलं?"

"तू नाही म्हटली असती."

"मी रस्त्यावर उभी राहून त्या खुमेंद्रले चोर म्हटलं."

मनकर्णाबाईंनी वाढायचा भाताचा डाव भांड्यातच ठेवला. त्या मुलाकडे पाहत राहिल्या, मग सुनेकडे.

नीतूने खुमेंद्रला फोन करून माफी मागितली. तो "ठीक आहे" एवढंच म्हणाला आणि पुन्हा कधी "ताई, काय चालू आहे" असा त्याचा फोन आला नाही. बाईंना तिने खरं तेच कळवलं, की हे चित्र बाहेर छापलं गेलंय, मी नवीन काढते. बाईंचं उत्तर यायला वेळ लागला आणि आलं तेव्हा कोरडं होतं: आधी नवीन चित्र दाखवा, मग ठरवू. नीतूने ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या जागी तिनेही तेच लिहिलं असतं.

नव्या चित्रात तिने तलावाची पाळ काढली, मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायका काढल्या. ते बाईंनी ठेवून घेतलं आणि पुढची चित्रंही मागितली.

एके दिवशी दुपारी शुभमने बिलाचा फोटो बघायला कॉम्प्युटर लावला. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट आली. नीतू दारातच तांदूळ निवडत बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने सूप पाखडलं, मान वर केली नाही. तो मशीन बंद करून दुकानावर गेला.