मुशीच्या तेलाची बाटली

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे. वास माझ्या अंगातच मुरला आहे, त्याला माझा इलाज नाही. वसईच्या पाचूबंदरला सेबेस्टियन कोळ्याच्या घरी, खिडकीतल्या फळीवर मी राहते. माझ्या गळ्याचा टवका उडाला आहे. पण एके काळी माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

मी या घरात आले तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. विलायती औषधं येईनाशी झाली आणि मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्क माशाच्या, काळजाच्या तेलाला एकदम मान मिळाला. सेबेस्टियन मुशी धरून आणायचा. त्याची बायको रोझलीन तिचं काळीज, म्हणजे यकृत, पाण्यात उकळायची आणि वर आलेलं तेल माझ्यात भरायची. कुणाचं पोर किरकिरं झालं, कुणी बाळंतीण अशक्त झाली, की आळीतल्या बायका वाटी घेऊन हजर. मी फुगून गेले होते. माझ्यासारखं औषध जगात नाही, असंच मी समजायचे.

युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली. घरात त्यांची सहा वर्षांची मुलगी फिलोमिना होती, सगळे तिला फिलू म्हणत. ती भात खायची, मासे खायची आणि हात धुतल्यावर पुन्हा टोपाकडे बघायची. तरी हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे.

"खाते दोघांचं, पन अंगाला काय लागत नाय," शेजारची मेरी येता-जाता बोलून दाखवायची. काही जण तर तोंडावर खादाड म्हणायचे. मग फिलू सुक्या बोंबलांच्या टोपल्यांमागे लपून जेवायची. मला त्या लोकांचा फार राग यायचा.

रोझलीनने काय करावं? तिने तेल वाढवलं. रोज एक चमचा होता, त्याचे चार झाले. फिलू नाक दाबून निमूट प्यायची आणि आणखीच वाळत जायची. दिवसातून सहा-सात वेळा ती परसाकडे धावायची. मी मात्र माझ्याच ऐटीत. खोट पोरीतच असणार, तेलात कशी असेल?

एका सकाळी फिलूला उंबऱ्यावरून उठताच येईना. रोझलीनने तिला कडेवर घेतलं आणि वसई गावात डॉक्टर ॲन्सेल्म यांचा दवाखाना गाठला. तेव्हा औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. घरात धड बाटली एकच, ती म्हणजे मी. राखेने घासून तिने मलाही बरोबर नेलं.

डॉक्टरांनी माझं बूच काढलं आणि वास घेतला. "यात काय होतं?"

"मुशीचं तेल, डॉक्टर. पोरीला देते. रोज चार चमचे."

"आणि हिला शौचाला कसं होतं?"

रोझलीनने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "पांढरं. तेलकट. पान्यावर तरंगतं. वास तर इचारू नका."

डॉक्टरांनी फिलूचं पोट तपासलं. "आपल्या पोटात स्वादुपिंड असतं. त्याचा रस आतड्यात उतरला की जेवण पचतं. हिचा रस उतरत नाही, असं दिसतंय. मग तेल काय, मासे काय, सगळं तसंच बाहेर. ही खादाड नाही, रोझलीनबाई. ही उपाशी आहे."

मग ते आपल्या उमेळे गावातल्या घरच्या अल्सेशियन कुत्र्याबद्दल सांगू लागले. तोही ढीगभर खायचा आणि बरगड्या वर आलेल्या. "लग्नघरी डुक्कर कापलं की स्वादुपिंड फेकून देतात. मी ते मागून आणायचो, कच्चंच बारीक चिरून त्याच्या जेवणात कालवायचो. दोन महिन्यांत भरला. हिच्यासाठी डुकराच्या स्वादुपिंडाचीच भुकटी मुंबईहून मागवतो."

माझं तेल बंद झालं. मला सोडा घालून उकळलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात ती भुकटी भरली. खरं सांगते, मला अपमान वाटला. फिलूला दर जेवणाला ती गार भातात कालवून मिळू लागली. गरम पेजेत घातली तर वाया जाते, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. पंधरा दिवसांत तिची परसाकडची धावपळ थांबली. नाताळपर्यंत गाल वर आले आणि ती बंदरावर मुलींबरोबर लंगडी घालू लागली. भुकटी जन्मभर घ्यावी लागेल, एवढंच.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगायची टाळली. फिलूला एक मोठा भाऊ होता, आलोशियस. तोही खूप खायचा. त्यालाही माझंच तेल मिळायचं. सहाव्या वर्षी तो गेला, तेव्हा फिलू रांगत होती.

नाताळानंतर रोझलीन फिलूला दाखवायला गेली आणि जाता जाता दारात थांबली. "डॉक्टर, मंग माजा आलोशियस?"

डॉक्टर उठून तिच्याजवळ आले. "त्यालाही हेच असावं. तेलाने तो गेला नाही. पण तेलाने वाचणारही नव्हता."

रोझलीन तिथेच खाली बसली आणि रडली. मी तिच्या पिशवीत होते. त्या दिवशी माझा सगळा तोरा उतरला.

म्हणून विनवते, मित्रांनो. घरातलं मूल असो की दारातलं कुत्रं, पोटभर खाऊनही वाळत असेल तर त्याला हसू नका, आणि माझ्यासारखीच्या भरवशावर बसू नका. डॉक्टरांकडे न्या आणि शौचाचंसुद्धा न लाजता सांगा. आलोशियसच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि लाजेपायी त्याच्या आईनेही कुणाला सांगितलं नाही.