कुवेतच्या तेलाचा डबा

महिपतीनं जुनी अँबॅसिडर घेतली ती मिरवायला नव्हे, हे साऱ्या मैंदर्गीला ठाऊक होतं. लेक दुर्गाचं पहिलं बाळ एस्टीची वाट बघता बघता गेलं होतं. आता ती पुन्हा माहेरी आली होती. पोर आडवं आहे, कळा सुरू होताच सोलापूरला आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून महिपती त्या गाडीला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा.

तशात मेहुणा एकनाथ कुवेतहून आला. आणि आणावं काय या बहाद्दरानं? अत्तर नाही, रेडिओ नाही, इंजिनात घालायच्या तेलाचा डबा!

"दाजी, हे साधं ऑइल न्हवं. सिंथेटिक हाय, कारखान्यात घडवल्यालं. एकदा घाला, वरीसभर बघायचं काम न्हाय."

गावचा मेकॅनिक सिद्धाप्पा डबा उलटासुलटा करत राहिला. "ह्यातलं मला काय बी कळत न्हाय, अण्णा. इंजिन जुनं हाय. बाळंतपण झाल्यावर घालू की."

"बाळंतपणासाठीच तर घालायचं!" महिपती उखडला. त्याच्यापुढं कोण बोलणार? सिद्धाप्पानं तेल बदललं.

थोड्याच दिवसांत अंगणात गाडीखाली काळे डाग पडू लागले. नव्या तेलानं इंजिनातला वर्षानुवर्षांचा चिकट मळ धुऊन काढला होता, आणि त्या मळानंच बुजलेल्या फटी उघड्या पडल्या होत्या. पण हे कळणार कुणाला?

"जुलाब दिल्यावर पोट साफ व्हायचंच," महिपती म्हणाला. त्याची बायको रंभाबाई डागांवर राख टाकायची. राख रोज थोडी जास्त लागायची. पण तेल बघायची पट्टी काही महिपतीनं उपसली नाही. वरीसभर बघायचं नाही, म्हणाला होता ना एकनाथ!

कळा भर दुपारी सुरू झाल्या.

गाडीतल्या एका तांबड्या दिव्यावर रंभाबाईनं खंडोबाचा पातळ कागदी फोटो चिकटवला होता. किल्ली फिरवली की देव उजळायचा, सगळे हात जोडायचे, इंजिन सुरू झालं की मावळायचा. त्या दिवशी अक्कलकोट मागं पडलं आणि चालत्या गाडीत देव आपोआप उजळला. तो मावळेचना.

"अवो, बघा तरी! देव जागा झालाय," मागून रंभाबाई म्हणाली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून दुर्गा ओरडत होती.

महिपतीनं एक हात कपाळाला लावून नमस्कार केला. इंजिनातलं तेल संपत आलं की फोटोमागचा तो तांबडा दिवा लागतो, हे गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि यानं विचारलं नव्हतं. इंजिन खडखडू लागलं. "चल माझे आई, चल," म्हणत त्यानं गाडी आणखी दामटली. लांबवर कुंभारीची घरं दिसली, सोलापूर जवळ आलं म्हणेपर्यंत इंजिनानं एकच आचका दिला आणि गाडी थांबली.

किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. हूं नाही की चूं नाही. बॉनेट उघडलं तर चुलीसारखी धग तोंडावर आली.

"एकनाथा, तुझ्या तोंडात माती पडो!" तो बोंबलला. रस्त्यावर ऐकायला चिटपाखरू नव्हतं.

किती तरी वेळानं एक ट्रक दिसला. महिपतीनं मधोमध उभं राहून डोक्याचा पटका हलवला. ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस, खाली उडी टाकून म्हणाला, "चला, उचला पोरीला."

महिपतीनं धावत जाऊन मागचं दार उघडलं. रंभाबाई दुर्गाच्या गालावर थापट्या मारत होती.

"अवो," ती म्हणाली, "ही ओरडत का न्हाय?"