केसभर चीर आणि तीन हिवाळे

मी डिझेल इंजिन बोलतोय. खोकत बोलतोय, पण खरं बोलतोय. शाळा मी पाहिली नाही. जे शिकलो ते आगीकडून.

जन्म जर्मनीचा. तिथं दोन मालक झाले. मग कुणीतरी चार-पाच देश ओलांडून मला गाडीसकट हाकत आणलं आणि डोंगरातल्या अत-बाशी गावच्या सगिनबायला विकलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

माझ्या पोटात चार शेगड्या आहेत, करंगळीएवढ्या. ग्लो प्लग म्हणतात त्यांना. चावी अर्धी फिरवून थांबायचं, त्या लाल होतात. मग पुढचं माझ्यावर सोडायचं.

तीन हिवाळ्यांपूर्वी त्या गार पडल्या. सगिनबायनं काय केलं? माझ्याखाली पत्रा सरकवून शेणाच्या गोवऱ्या पेटवल्या. तासाभरानं मी सुरू झालो. झालं! तेव्हापासून म्हातारा गावभर सांगत सुटला, "माझ्या इंजिनाला मिस्त्री लागत नाही." लागतो हो! दुखणं माझ्या पोटात, बढाई याच्या तोंडात.

यंदा मात्र अंगाशी आलं. याच्या बायकोला, बुबुसाराला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. राजधानी बिश्केकचे डॉक्टर जवळच्या नारिन शहरात वर्षातून दोनदाच येतात. तिच्या ऑपरेशनचा नंबर होता तो दिवस उजाडला; पोचायचं दुपारी बाराच्या आत. चुकला की पुन्हा सहा महिने भिंती चाचपडायच्या. आणि गावातून जाणारी जीप केव्हाच भरून गेली होती.

सकाळी थंडी उणे चौतीस. वारा असा की गोवरी पेट घेईना. सगिनबाय चावी फिरवी, मी कुंथे. शेवटी बॅटरी दमली.

मिस्त्री दोरोनबेक आला तो घोड्यावरून.

"काका, गाडीवाल्याकडं घोड्यावरून यावं लागतंय. शोभतं का?"

"तोंड आवर. हे बघ, पिवळा दिवा लागतो, विझतो. म्हणजे शेगड्या तापल्या."

"दिवा नुसतं घड्याळ आहे, काका. तो काय शेगडीला विचारून विझतो?"

त्यानं तार लावून बघितलं. बॅटरीपाशी वीज आहे, शेगड्यांपाशी नाही. मध्ये एक डबी, डबीत फ्यूजची पातळ पट्टी. दोघांनी ती काढून उजेडात धरली.

"धड आहे. रिलेच गेला असणार, वीज पुढं सोडणारा खटका. तो मिळेल नारिनला."

"आणि नारिनला जाऊ कशानं? तुझ्या घोड्यावर?"

बुबुसारा बोचकं घेऊन उभी होती. तिनं हातमोजा काढला. "इकडं आणा ती."

"तुला काय दिसणार त्यात, म्हातारे?"

"तुम्हाला दिसतंय ना? मग का उभे आहात?"

लोकरीच्या जाड नमद्यांवर जन्मभर टाके घातलेली बोटं ती. पट्टीवरून नख फिरवलं. "इथं अडतंय."

दोरोनबेकनं पट्टी वाकवली आणि केसभर चीर उघडली. शेगड्या ठणठणीत, मी ठणठणीत. मध्ये एवढीशी फट, आणि तीन हिवाळे मी शेण हुंगतोय!

मिस्त्रीनं पट्टीच्या जागी तांब्याची तार बसवली. बॅटरी घरात नेऊन चुलीपाशी शेकली. मग चावी अर्धी फिरवली. आत चौघी लाल झाल्या. काय ती ऊब! पांढरा धूर ओकलो, दोनदा अडखळलो, आणि सुरू झालो. सगिनबायनं टोपी काढून डोकं पुसलं. असल्या थंडीत घाम!

साडेअकराला दवाखान्याच्या दारात होतो. नंबर लागला, ऑपरेशन झालं. येताना सगिनबायनं खरी फ्यूजपट्टी आणली. चांगलं केलं, तार तशीच ठेवली असती तर कधीतरी मीच पेटलो असतो.

तेव्हा तुम्हीही ऐका. थंडीत अडलो तर आधी आग लावू नका. दिव्यावर विसंबू नका. डबी उघडा, पट्टीवरून नख फिरवा.

आठवड्यानं बुबुसारानं बॉनेट उघडून मला नीट बघितलं.

"अगं बाई! हे काजळ कुणी फासलं याला? मला दिसत नव्हतं म्हणून काय काहीही कराल?"

सगिनबाय गरम पाणी घेऊन आलाय. आता मला सोडा. बाई कोपरान् कोपरा पुसतेय, आणि म्हातारा शेजारी उभा राहून शिव्या खातोय.