घरातला गोंगाट

काकांनी जाड काळी केबल भिंतीतून ओढून काढली आणि दुसऱ्याचा ओला मोजा धरावा तसं तिचं टोक दोन बोटांत धरलं.

"हिचं काय करायचं?"

"टाकून द्यायची," इंजिनियर टेबलाखालून म्हणाला. "आता सगळे आवाज या एका बारीक वायरीतून येणार. स्टुडिओतले, बाहेरगावचे, घरचे."

घरचे म्हणजे ताईंच्या घरचे. उद्यापासून रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम त्या घरूनच करणार होत्या. नऊ वर्षं त्या काचेच्या पलीकडे माइकसमोर बसल्या आणि काका अलीकडे बसून त्यांचा आवाज कमी-जास्त करत राहिले. गाणं लागलं की ताई बटण दाबून घरच्या तक्रारी सांगायच्या. दोन मुलांचा दंगा, सासूबाईंचा टीव्ही, शांतता कशी ती नाहीच, आणि तो सगळा पसारा टाकून रोज पहाटे निघायची ओढाताण. ते ऐकून ऐकून शेवटी साहेबांना दया आली आणि त्यांनी ही यंत्रं मागवली. काकांना कुणी विचारलं नाही. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि अशी नोंद करायला साहेबांच्या फायलीत रकाना नव्हता.

"यात बिघाड कसा होतो?" काकांनी विचारलं.

"होत नाही."

"अजिबात?"

"काका, मी विकायला नाही आलोय, बसवायला आलोय. खरंच होत नाही."

"आठवड्यातून एकदा? गुरुवारी वगैरे?"

इंजिनियरने डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं. काका गंभीर होते. त्याने डोकं परत आत घेतलं.

ताईंच्या घरी लावायच्या यंत्राचा डबा शिपाई कालच पोचवून आला होता. दारातूनच, कारण आत पाहुणे होते म्हणे. वायरी ताईंनी स्वतःच जोडल्या होत्या. इंजिनियरने एक हेडफोन घातला, दुसरा काकांना दिला आणि बटण दाबलं.

"ताई, येतोय आवाज?"

"अगदी कानात! काका, चहा झाला?"

"व्हायचाय."

"आता मिनिटभर काही बोलू नका," इंजिनियर म्हणाला. "घरात गोंगाट किती आहे ते मोजायचंय."

"मिनिटभर? या घरात?" ताई हसल्या आणि तोंड वळवून ओरडल्या, "ए, गप्प बसा रे जरा! आई, तो टीव्ही बंद करा बरं!"

टीव्ही बंद झाला नाही, कारण तो चालूच नव्हता. कुणी "काय गं" म्हणालं नाही, कुणी खिदळलं नाही, कुठे दार आपटलं नाही. ताईंचे शब्द मोकळ्या भिंतींवर आपटून तसेच परत आले. मग फ्रीजची घरघर उरली, आणि तीही थांबल्यावर ताईंच्या मनगटावरचं घड्याळ. यंत्र फारच चांगलं होतं.

इंजिनियरने बटणावरचं बोट काढलं, म्हणजे इकडचं बोलणं ताईंना ऐकू जाणार नव्हतं.

"इतकं शांत घर मी आजवर मोजलं नाही. स्टुडिओने लाजावं."

काकांनी हेडफोन काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग चाचणीचा फॉर्म आपल्याकडे ओढून 'परिसरातील गोंगाट' या शब्दांपुढे लिहिलं: असह्य.

"काका, तिथे आकडा लागतो."

"मग लिहा आकडा."

"किती?"

"दोन मुलं, एक सासू, एक टीव्ही. शिकलेले तुम्ही आहात."

इंजिनियरने काचेकडे पाहिलं. पलीकडे रिकामी खुर्ची होती. अलीकडे काका होते. त्याने 'असह्य' खोडून 'बहात्तर' लिहिलं, थोडा विचार केला आणि त्याचे अठ्ठ्याहत्तर केले.

"सासूबाईंना कमी ऐकू येत असेल तर," तो म्हणाला आणि खाली सही केली.

काकांनी बटण दाबलं.

"ताई, नाही जमत हो. तुमच्या घरी फार गोंगाट आहे. कार्यक्रम इथूनच करावा लागणार."

पलीकडे घड्याळ चालत राहिलं.

"मी सांगत नव्हते?" ताई म्हणाल्या. "डोकं उठवतात नुसतं."

"मग उद्या सहाला?"

"थांबा हं. सासूबाईंना विचारून सांगते."

खुर्ची सरकली नाही. पाऊल वाजलं नाही. दोघे हेडफोन घट्ट धरून वाट पाहत राहिले.

"हो म्हणाल्या," ताई म्हणाल्या.